बाबांच्या नव्या डब्याविषयी

पुणे

तीर्थरूप बाबा आणि तीर्थरूप सौ. आईस,

साष्टांग नमस्कार, वि. वि.

आईने जीवनसत्त्वांच्या त्या नव्या कॅप्सूलच्या डब्याचे चारही बाजूंचे फोटो पाठवले, ते मी मोठे करून एकेक ओळ वाचले. फोनवर या विषयाचे नीट बोलणे होत नाही आणि यातले काही आकडे तुमच्या हाताशी कागदावर असलेले बरे, म्हणून हे पत्र लिहिते आहे. पुढच्या वेळी मिरजेला डॉक्टरांकडे जाल, तेव्हा ते त्यांनाही दाखवा. माझे म्हणणे आधीच सांगून टाकते. शरीरात एखाद्या घटकाची कमतरता आहे असे तपासणीत दिसले, तर तो घटक गोळीतून घेणे हा योग्य उपचार आहे. मात्र कमतरता नसताना, पुढे हृदयविकार किंवा कर्करोग होऊ नये एवढ्यासाठी रोज जीवनसत्त्वांच्या गोळ्या घेतल्याने ते आजार टळतात, असे गेल्या तीसेक वर्षांतल्या मोठ्या चाचण्यांत दिसलेले नाही. बाबांच्या डब्यातला एक घटक तर त्यांनी घेऊच नये असा आहे.

तो घटक म्हणजे बीटा कॅरोटीन. गाजर, लाल भोपळा, पिकलेली पपई यांना केशरी रंग देणारा आणि शरीरात गेल्यावर ज्याचे अ जीवनसत्त्व बनते असा हा पदार्थ आहे. जे लोक अशा भाज्या आणि फळे भरपूर खातात, त्यांच्यात फुप्फुसाचा कर्करोग कमी आढळतो, असे अनेक देशांच्या पाहण्यांत दिसत होते. १९८१ साली रिचर्ड पीटो, रिचर्ड डॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात लेख लिहून, बीटा कॅरोटीनमुळे कर्करोगाचे प्रमाण खरोखर घटू शकेल का, हा प्रश्न मांडला. त्याची पारख करण्यासाठी फिनलंडमध्ये ५० ते ६९ वर्षे वयाच्या २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पाडून काहींना रोज २० मिलीग्रॅम बीटा कॅरोटीन आणि काहींना तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी पाच ते आठ वर्षे देण्यात आली. १९९४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के अधिक आढळला होता. माझे रोजचे काम अशाच आकड्यांचे असल्यामुळे एक खुलासा करते : याचा अर्थ शंभरातल्या अठरा जणांना कर्करोग झाला असा नाही, ती गोळी न घेणाऱ्यांत जेवढे रुग्ण निघाले, त्याच्या तुलनेत १८ टक्के अधिक निघाले.

एका चाचणीत योगायोग असू शकतो, असे तेव्हा अनेकांना वाटले. अमेरिकेत मात्र त्याच सुमारास १८,३१४ लोकांवर दुसरी चाचणी चालू होती. त्यात धूम्रपान करणारे, पूर्वी करणारे आणि ॲस्बेस्टॉसशी कामानिमित्त संबंध आलेले लोक होते आणि त्यांना ३० मिलीग्रॅम बीटा कॅरोटीन व अ जीवनसत्त्व एकत्र दिले जात होते. तिच्यातही फुप्फुसाचा कर्करोग २८ टक्के आणि मृत्यू १७ टक्के अधिक दिसू लागल्यामुळे जानेवारी १९९६ मध्ये ती नियोजित वेळेच्या २१ महिने आधी थांबवावी लागली. बाबा, तुमची सिगारेट पुष्कळ कमी झाली आहे हे मला ठाऊक आहे, पण ती अजून पूर्ण सुटलेली नाही. तुमच्या कॅप्सूलमधले प्रमाण या चाचण्यांतल्यापेक्षा कमी आहे, हेही खरे. तरीसुद्धा ज्या गोळीचा फायदा दिसलेला नाही आणि धूम्रपान करणाऱ्यांत अपाय दिसला आहे, ती तुम्ही एक दिवसही घ्यावी असे मला वाटत नाही. गाजराची कोशिंबीर किंवा भोपळ्याचे भरीत खायला मात्र काहीच हरकत नाही. अपाय दिसला तो गोळीतल्या मोठ्या मात्रेने.

भाज्या खाणाऱ्यांना जो लाभ दिसत होता तो गोळीत का उतरला नाही, असे तुम्ही विचाराल. जो माणूस भाज्या जास्त खातो तो बहुधा सिगारेट कमी ओढतो, चालतो जास्त, तपासण्या वेळेवर करतो. शिवाय भाजीत तंतू आणि इतर शेकडो घटक असतात. या सगळ्यातून नेमके श्रेय कशाचे, हे नुसत्या पाहणीतून कळत नाही. म्हणून चिठ्ठ्या टाकून केलेली चाचणी लागते, आणि अशा चाचणीत बऱ्याच आशादायक गोळ्या उघड्या पडल्या आहेत. तुमच्या डब्यात ४०० युनिट ई जीवनसत्त्व आहे. नेमक्या त्याच मात्रेची चाचणी प्रोस्टेटचा कर्करोग टळतो का हे पाहण्यासाठी ३५,५३३ पुरुषांवर झाली होती. लाभ होण्याची चिन्हे नसल्यामुळे २००८ साली गोळ्या बंद करण्यात आल्या, आणि २०११ साली पुढचे आकडे आले तेव्हा ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्के अधिक निघाला. सगळेच निष्कर्ष असे प्रतिकूल आहेत असे नाही. अमेरिकेतल्या १४,६४१ पुरुष डॉक्टरांवर झालेल्या आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत साध्या मल्टिव्हिटॅमिनने कर्करोगाचे एकूण प्रमाण ८ टक्क्यांनी कमी झाले, पण हृदयविकारात काहीच फरक पडला नाही. तुमच्या डब्यावर मात्र हृदयाचेच चित्र छापलेले आहे.

आता ज्या गोष्टीची मला खरी काळजी वाटते तिच्याकडे येते. बाबा, तुमच्या पायांना मुंग्या येतात आणि रात्री तळवे बधिर होतात, त्यावर हा ‘कोर्स’ उपयोगी पडेल असे डबा देणाऱ्या काकांनी सांगितले. तुम्ही पूर्ण शाकाहारी आहात आणि कित्येक वर्षे मधुमेहासाठी मेटफॉर्मिनची गोळी घेत आहात. या दोन्ही गोष्टींमुळे बी-१२ जीवनसत्त्व कमी पडते : शाकाहारात ते दूध-दह्यातून मिळेल तेवढेच, आणि मेटफॉर्मिनमुळे आतड्यात त्याचे शोषण घटते. आपल्याकडे ही कमतरता किती व्यापक आहे हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पूर्वीच दाखवले आहे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ४४१ मध्यमवयीन पुरुषांपैकी ६७ टक्क्यांची बी-१२ पातळी कमी होती. पायांच्या मुंग्या मधुमेहाने मज्जातंतूंवर झालेल्या परिणामामुळे असू शकतात, बी-१२ च्या अभावामुळे असू शकतात किंवा दोन्हींमुळे. पैकी दुसरे कारण वेळीच सापडले तर बरे होण्यासारखे असते, आणि उशीर झाला तर मज्जातंतूंची हानी कायमची राहू शकते.

या ठिकाणी ती कॅप्सूल मदत करण्याऐवजी अडचण करू शकते. तिच्यात फॉलिक ॲसिड भरपूर आहे. बी-१२ कमी असताना नुसते फॉलिक ॲसिड पोटात जात राहिले, तर रक्तक्षय सुधारतो, हिमोग्लोबिनचा अहवाल चांगला येतो आणि डॉक्टरांचा संशय दूर होतो, पण मज्जातंतूंची हानी आतल्या आत चालूच राहते. तिच्यात बी-१२ आहे, पण अगदी थोडे. ते कमतरता भरून काढायला पुरेल असे नाही, आणि तपासणीआधी घेतले तर रक्तातली पातळी मात्र खरी असेल त्यापेक्षा बरी दिसू शकते. म्हणून आधी रक्त तपासायचे आणि मगच काय घ्यायचे ते ठरवायचे. कमतरता निघाली तर डॉक्टर इंजेक्शने किंवा जास्त मात्रेच्या गोळ्या देतील आणि त्या तुम्ही न चुकता घ्याव्यात असा माझा आग्रह राहील. हेच बी-१२ हृदयासाठी म्हणून कोणी विकू लागला तर मात्र घेऊ नका. हृदयविकाराशी ज्याचा संबंध जोडला जातो ते रक्तातले होमोसिस्टीन बी-१२, फॉलिक ॲसिड आणि बी-६ यांनी उतरते, पण २००६ साली प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत त्यामुळे हृदयविकाराचे झटके कमी झाले नाहीत.

तीन महिन्यांनी साखरेची गोळी अर्धी करता येईल, असेही ते काका म्हणाल्याचे आईने सांगितले. बाबा, ही एक गोष्ट तुम्ही कोणत्याही परिस्थितीत करू नये, अशी माझी हात जोडून विनंती आहे. डब्याच्या तळाशी मोठ्या इंग्रजी अक्षरांत एक ओळ आहे, तिचा अर्थ ‘औषधी उपयोगासाठी नाही’ असा होतो. ती ओळ छापणे अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांनुसार बंधनकारक आहे, कारण अशा पदार्थांना परवाना मिळतो तो अन्न म्हणून. आजार बरा होतो हे औषधाप्रमाणे सिद्ध करून ते बाजारात आलेले नसतात.

आई, तुझ्याविषयी दोन गोष्टी. तू केसांसाठी त्याच डब्यातली एक कॅप्सूल घेऊ लागली आहेस, त्यात बायोटिन हे ब गटातले जीवनसत्त्व आहे. बायोटिनमुळे रक्ताच्या काही तपासण्यांचे आकडे चुकतात; थायरॉइडच्या तपासणीत टीएसएच, म्हणजे ज्यावरून तुझ्या गोळीची मात्रा ठरते ते संप्रेरक, खोटेच कमी दिसू शकते, आणि मग तुझी गोळी विनाकारण कमी केली जाईल. तेव्हा कॅप्सूल आजच थांबव आणि थायरॉइडची तपासणी काही दिवस जाऊ देऊन कर. प्रयोगशाळेत बायोटिन घेत होतीस हेही सांग. कॅल्शियमची गोळी तू थायरॉइडच्या गोळीबरोबरच सकाळी घेतेस असे कळले. दोन्ही एकत्र घेतल्याने थायरॉइडच्या गोळीचे शोषण कमी होते. मध्ये किमान चार तासांचे अंतर ठेव.

दुसरी गोष्ट ड जीवनसत्त्वाच्या ६०,००० युनिटच्या पुडीची. डॉक्टरांनी ती आठ आठवडे दर आठवड्याला एक घ्यायला सांगितली होती, आणि तुझी कमतरता तपासणीत दिसली असल्यामुळे ते योग्यच होते. पण गुडघ्यांना बरे वाटते म्हणून तू ती दिवाळीपासून अजून चालू ठेवली आहेस. हे जीवनसत्त्व चरबीत साठते, लघवीवाटे निघून जात नाही. फार झाले तर रक्तातले कॅल्शियम वाढते, मळमळ आणि बद्धकोष्ठता होते, मूत्रपिंडावर ताण येतो. ड जीवनसत्त्व रोज २,००० युनिट घेऊन कर्करोग आणि हृदयविकार टळतात का, हे अमेरिकेत २५,८७१ लोकांवर पाच वर्षांहून अधिक काळ तपासले गेले. २०१८ साली जाहीर झालेल्या निष्कर्षांत दोन्हींचे प्रमाण घटले नव्हते, आणि २०२२ साली त्याच चाचणीतून हाडे मोडण्याचे प्रमाणही घटले नाही असे दिसले. त्यातल्या बहुतेकांना मुळात कमतरताच नव्हती, हे लक्षात घ्यायला हवे. तुझी पातळी आता कुठे आहे ते पाहू आणि मग ठरवू. कॅल्शियमचे म्हणशील तर १०० ग्रॅम नाचणीत ३०० मिलीग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. तुझी नाचणीची भाकरी आणि वाटीभर दही पुन्हा सुरू झाले, तर मला गोळीपेक्षा ते अधिक आवडेल.

हळदीच्या कॅप्सूलविषयी बाबा मला नक्की विचारणार. सांगलीच्या माणसाला हळदीविरुद्ध काही सांगणे अवघड आहे. हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांत, साठवलेली हळद आपण लहानपणापासून पाहिली, आणि २०१८ पासून तिला भौगोलिक मानांकनही आहे. भाजी-आमटीतली हळद बिनदिक्कत खा. पण हळदीत कर्क्युमिन साधारण तीन टक्के असते आणि ते शरीरात फारसे शोषले जात नाही. कॅप्सूलमध्ये ते कित्येक पटींनी एकवटलेले असते, आणि शोषण वाढावे म्हणून मिऱ्यातले पायपेरीन घातलेले असते; त्याने शोषण बरेच वाढते हे १९९८ साली बंगळूरच्या संशोधकांनी दाखवले. अशा कॅप्सूल घेणाऱ्यांत यकृताला सूज आल्याची उदाहरणे अलीकडे वैद्यकीय नियतकालिकांत आली आहेत. तुम्ही आधीच इतकी औषधे घेता, त्यात हे नको.

मग करायचे काय, तर ज्याचा लाभ आपल्याच लोकांवर सिद्ध झाला आहे ते. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ भारतीयांवर चाचणी केली. आहारातला बदल आणि नियमित चालणे एवढ्यानेच मधुमेह होण्याचे प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटले, म्हणजे मेटफॉर्मिनने जेवढे घटले जवळजवळ तेवढेच. आई, तुझी साखर उंबरठ्यावर आहे, म्हणून हे तुझ्यासाठी अधिक आहे. बाबांबरोबर कृष्णेच्या घाटापर्यंत चालत जायला लाग. बाबांच्या रक्तदाबासाठी मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत यायला हवे, आणि त्यात लोणचे, पापड व रोज संध्याकाळी चहाबरोबर होणारे भडंग धरायचे आहे. भडंग पूर्ण सोडा असे मी म्हणत नाही, आठवड्यातून एकदा खा. कमी सोडियमचे मीठ हल्ली मिळते, पण त्यात पोटॅशियम असते. बाबांच्या मूत्रपिंडाचा अहवाल डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय ते आणू नका.

येत्या आठवड्यात बाबांची बी-१२, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन आणि तीन महिन्यांच्या साखरेची, तर आईची ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियमची तपासणी करून घ्या. थायरॉइडची त्यानंतर आठवड्याभराने करू. अहवाल आले की त्यांचे फोटो पाठवा. डब्याचे पैसे काका परत देणार नाहीत असे बाबांना वाटते. न दिले तर राहू द्या, त्यांच्याशी वाद घालू नका, मी आले की स्वतः त्यांना भेटेन. महिनाअखेरीला कोयना एक्स्प्रेसचे आरक्षण मिळाले आहे. तेव्हा डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवा, म्हणजे मलाही बरोबर येता येईल.

आपली लेक