कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या मोटर वायंडिंगवाल्या मामांना

मामा, सप्रेम नमस्कार.

हे पत्र चारचौघांत लिहायला एक कारण आहे. समोर येऊन आभार मानले की तुम्ही "बरं बरं, चहा घे" म्हणता आणि पोऱ्याला हाक मारता. विषय तिथंच संपतो. इथं तुम्हाला मधे बोलता येणार नाही.

2019 चा महापूर ओसरला होता. पंचगंगेच्या काठावरच्या शेतीपंपांच्या मोटरी चिखलासकट टेम्पोनं उद्यमनगरात येत होत्या. तुमच्या दारात, गटाराच्या कडेला, शेजारच्या लेथवाल्याच्या फळीखाली, जिकडं बघावं तिकडं मोटरी. प्रत्येकाचं "माझी आधी भरा" चाललेलं. त्या गर्दीत मी इलेक्ट्रिक गिटार काखेत मारून उभी. आमच्या घरात तोवर सगळ्यांनी सल्ले देऊन झाले होते. काका म्हणाले, गाणंच शिकायचं तर देवल क्लब आहे की, 1883 पासून चाललंय. आत्या म्हणाली, मिरजेला ने, तिथं तंबोरे-सतारी करणारे आहेत. ते लोक जवारी, म्हणजे तारेचा झंकार, काढून देतील मामा, पण तुटलेली कॉइल त्यांनी कुठून भरावी?

"हे काय आणि?" तुम्ही विचारलंत.

"ह्यात कॉइल आहे. तुटलीया."

कॉइल म्हटल्याबरोबर तुम्ही हात पुसून पुढं केलात. मी पिकअप, म्हणजे गिटारच्या तारांचा आवाज पकडणारा भाग, उघडून दाखवला. सहा चुंबकाच्या कांड्या, त्यांच्याभोवती तांब्याची तार. वर गिटारची तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि कॉइलमध्ये इवलासा प्रवाह तयार होतो, तोच पुढं अँपमध्ये मोठा होतो, असं मी आपलं वाचलेलं सांगत होते. तुम्ही मधेच तोडलंत: "म्हंजे जनरेटरच की हा." गिटार शिकवणाऱ्या कुणीही मला इतक्या कमी शब्दांत ती समजावून दिली नव्हती.

मग मीटर लावून बघितलंत. सहा किलोओहमच्या आसपास दाखवायला पाहिजे तिथं काटा हललाच नाही. ही तार जवळजवळ केसाएवढी, 0.063 मिलिमीटरची. वेढे आठ हजारांच्या घरात. तुमच्याकडं सगळी जाड तार. रिले भरणाऱ्या कुणाकडून तरी तुम्ही बारीक तारेचं रीळ मिळवलंत, आणि रात्री दुकान बंद केल्यावर वेढे मोजणाऱ्या हातमशीनवर बसलात. जरा ओढ जास्त झाली की तार तुटायची. ढिली राहिली तर पुढं आवाजात शीळ घुसते. तुटली की पुन्हा पहिल्यापासून. तुम्ही चिडला नाहीत, फक्त रेडिओ बंद केलात.

एका गोष्टीवर मात्र आपलं वाजलं. वेढ्याला वेढा चिकटून, एकसारखं, हे तुमचं वायंडिंग बघायला दुसऱ्या दुकानातली पोरं येतात. आणि मी म्हणत होते, थोडं वेडंवाकडं जाऊ द्या, थर एकमेकांवर नीट बसले की कपॅसिटन्स (थरांमध्ये वीज साठून राहणं) वाढतो आणि वरचे सूर दबतात. "मुद्दाम गबाळं कर म्हंतीस?" तुमचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. कसला आवाज हवाय ते ऐकवायला मी फोन अँपला जोडला. सुरुवातीला कुजबुजल्यासारखं गाणं. तुम्ही म्हणालात, ऐकूच येईना, आणि नॉब फिरवलात. पुढच्या मिनिटाला ती बाई आणि तिची गिटार अशी काही फुटली की मागं स्टेटर साफ करणाऱ्या पोराच्या हातातली पकड खाली पडली. तुम्ही विचारलंत, "कोण ही?" मी उत्तर द्यायच्या आत शिरोळचा टेम्पो आला आणि ते राहूनच गेलं. आज सांगते.

पॉली जीन हार्वे. जन्म 1969 चा, इंग्लंडच्या नैर्ऋत्येला डोर्सेट म्हणून भाग आहे तिथला. खेड्यात, शेतावर वाढली. वडील दगडाच्या कामातले, आई शिल्पकार. घरात ब्लूजच्या रेकॉर्डी वाजायच्या. आधी सॅक्सोफोन शिकली, 1988 मध्ये दुसऱ्यांच्या बँडमध्ये शिरली आणि 1991 ला स्वतःचं त्रिकूट काढलं. पहिला कार्यक्रम जवळच्याच एका गावात. तिनं स्वतःच सांगितलेली गोष्ट अशी की पहिल्या गाण्यातच हॉल रिकामा झाला आणि एक बाई वाजवणं चालू असतानाच ड्रमवाल्याकडं येऊन ओरडली: तुम्ही कुणालाही आवडत नाही, पैसे देतो, पण थांबा! आपल्याकडं गणपतीत डॉल्बीवाल्यालासुद्धा इतकं स्पष्ट कुणी बोलत नाही.

लंडनच्या नामांकित कला महाविद्यालयात तिला शिल्पकला शिकायला जागा मिळाली होती. ती गाण्यात राहिली. 1992 ला पहिला अल्बम आला, नाव झालं. नाव झालं तसं लंडन अंगावर आलं, तब्येत ढासळली. ती उठून डोर्सेटला परत गेली आणि समुद्राकाठच्या एका खोलीत पुढची गाणी लिहिली. तोच 1993 चा अल्बम, 'रिड ऑफ मी', ज्यानं तुमच्या पोराची पकड पाडली. त्याच वर्षी त्रिकूट मोडलं. मग 1995 ला ती एकटीच्या नावावर पूर्ण वेगळा आवाज घेऊन आली.

पुढचं सगळं सांगत बसत नाही. ब्रिटनमध्ये वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमला मर्क्युरी नावाचा पुरस्कार देतात. तो तिला 2001 मध्ये मिळाला, तारीख 11 सप्टेंबर. ती त्या दिवशी वॉशिंग्टनला हॉटेलात अडकलेली, पुरस्कार फोनवरच स्वीकारला. 2011 ला पुन्हा मिळाला. दोनदा मिळालेली ती एकटीच. त्या दुसऱ्या अल्बममध्ये युद्धाची गाणी आहेत, पहिल्या महायुद्धातली माणसं आहेत, आणि ध्वनिमुद्रण तिच्याच भागातल्या एका चर्चमध्ये झालं.

मला सगळ्यात जास्त पटतो तो 2007 चा निर्णय. जिच्या गिटारीनं नाव झालं तिनं गिटार बाजूला ठेवली, न येणारा पियानो स्वतःच शिकली आणि बारीक, उंच आवाजात अख्खा अल्बम केला. ऐकणाऱ्यांपैकी काहींना तो रुचला नाही. मलाही पहिल्यांदा नाही रुचला. आणि 2022 मध्ये तिनं डोर्सेटच्या जुन्या बोलीत एक दीर्घ काव्य लिहिलं, पुस्तक म्हणून. ते कळल्यावर मी माझ्या गाण्यांतलं पुस्तकी मराठी खोडलं. आपल्याकडं बायका "मी आलो, मी करतो" म्हणतात तसंच आता माईकवर म्हणते. पुण्यात गायले तेव्हा दोघांनी येऊन माझं व्याकरण सुधारलं. मी म्हटलं, कोल्हापूरला या, सगळ्यांचंच सुधारायला लागंल.

आता ज्यासाठी हे सगळं लिहिलं ते. त्या 1993 च्या अल्बमचं ध्वनिमुद्रण स्टीव्ह अल्बिनी नावाच्या माणसानं केलं, अमेरिकेत मिनेसोटामधल्या एका स्टुडिओत. त्याला प्रोड्युसर म्हणवून घेणं आवडायचं नाही. मायक्रोफोन कुठं ठेवायचा आणि खोलीचा आवाज कसा पकडायचा, एवढंच आपलं काम असं तो मानायचा. पुढं निर्वाणा या तेव्हाच्या सगळ्यात गाजलेल्या बँडनं त्याला बोलावलं. अल्बम लाखोंनी खपणार हे उघड होतं. विक्रीतला हिस्सा घ्यायला त्यानं नकार दिला आणि लिहून कळवलं की मला प्लंबरसारखे पैसे द्या, काम करतो, कामाचे घेतो. 2024 च्या मे महिन्यात तो गेला, एकसष्टाव्या वर्षी. बातमी वाचली तेव्हा मला तुमचं दुकान आठवलं. तुम्हीही मोटर भरायची जी मजुरी त्या हिशेबानं घेतलीत, मोटरीपेक्षा जास्त रात्री गेल्या तरी. आणि कॉइल बुडवायचं मेण वितळवायला मामींचं पातेलं आणलंत, त्याचे पैसे धरलेच नाहीत. (मामींनी ते पातेलं परत स्वयंपाकघरात घेतलं का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.)

घरचे, कॉलेजचे, सगळे माझ्या गाण्याकडं लग्नापर्यंतचा छंद म्हणून बघायचे. कौतुक करणारेही तसंच बघायचे. तुमच्या दुकानात ऊसवाल्याची मोटर आणि माझी कॉइल एकाच फळीवर होती, दोन्हींवर खडूनं नाव आणि वार लिहिलेला. माझं काम कामांच्या रांगेत लागलेलं मी पहिल्यांदा तिथं बघितलं. पुढं नोकरी सोडून गाणं करायचं ठरवलं तेव्हा घरात वाद घालायला मला जी भाषा लागली ती ह्या फळीवरून मिळाली. वार सांगायचा, त्या वारी काम द्यायचं, पैसे मागायचे.

पहिल्या कार्यक्रमाला तुम्ही कामाच्या कपड्यांतच आलात. दोन गाण्यांत पुढच्या खुर्च्या मोकळ्या व्हायला लागल्या. तुम्ही हलला नाहीत. संपल्यावर स्टेजपाशी आलात, मला वाटलं काहीतरी बोलाल. "डावीकडचा स्पीकर फाटलाय, उद्या घिऊन ये." गाण्याबद्दल एक अक्षर नाही. स्पीकर खरंच फाटला होता.

मामा, त्या रात्रींचे, त्या फळीवरच्या जागेचे आणि गबाळं वायंडिंग मनाविरुद्ध केल्याचे आभार. आवाज तसाच उघडा आहे अजून.

गिटारच्या ब्रिजकडचं दुसरं पिकअप आता कुरकुरायला लागलंय. दिवाळीच्या गर्दीनंतर घेऊन येते. तार मीच आणीन, पातेलंही माझंच. मजुरी मात्र ह्या खेपेला वेढ्यांच्या हिशेबानं लावा, मोटरीच्या नको. आता मी कार्यक्रमाचे पैसे घेते.

तुमची,
गिटारवाली