भिंगाखाली जादूगाराचे पोस्टर

संपादक महोदय,

हॅरी केलर या अमेरिकी जादूगाराचे १८९४ चे पोस्टर, खांद्यावरचे लाल सैतान कानात कुजबुजताहेत ते, पुष्कळदा पुनर्मुद्रितच हाती येते. पैसे मोजण्याआधी १० पट भिंग सैतानाच्या अंगावर धरावे. सिनसिनाटीच्या स्ट्रोब्रिज कंपनीचे हे काम शिळाछापाचे: प्रत्येक रंगाला वेगळा दगड, त्यावर तेलकट खडूने हाताने काढलेले चित्र. त्यामुळे छटांमध्ये खडूचे वेडेवाकडे, लहानमोठे कण दिसतात. काय देखणे काम आहे ते! तिथे ओळीने बसलेले, फुलाच्या नक्षीसारखे ठिपके दिसले, तर ती ऑफसेटची प्रत समजा.

अस्सल पोस्टर फाटलेले असले, तरी कृपा करून सेलोटेप लावू नका. त्याचा चिकटा पिवळा पडून कागदात मुरतो, डाग निघता निघत नाही. मागून पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या स्टार्चची खळ लावावी. ती पुढे पाण्याने सोडवता येते. त्याआधी प्रत्येक रंगावर, कोपऱ्यात, ओला कापूस टेकवून रंग सुटतो का ते बघावे. लॅमिनेशन तर मुळीच नको. ते पुन्हा निघत नाही.

– एक वाचक, पुणे