पोट एकच, आजार दोन

महोदय,

आपल्या आरोग्य पुरवणीत पोटाच्या विकारांवरील वनौषधींचा लेख वाचला. आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे सूज किंवा व्रण नसतानाही पोट दुखणं, बिघडणं) आणि आतड्याचा दाह या दोन्हींसाठी त्यात पुदिना, इसबगोल, हळद, कोरफड अशी एकच यादी दिली आहे. आमच्या घरात हे दोन्ही आजार आहेत. मला अकरा वर्षांपासून आयबीएस, धाकट्या भावाला अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याचा दाह. म्हणून राहवलं नाही.

माझ्या आतड्यात दुर्बिणीतून पाहिलं तर काहीच दिसत नाही. सूज नाही, व्रण नाही. तरी सकाळी दाराला कुलूप लावता लावता अशी कळ यायची की किल्ली तशीच टाकून आत पळावं लागायचं. 'मनाचे खेळ आहेत' असं सांगणारे पुष्कळ भेटले. आतडं आणि मेंदू यांच्यातली निरोपांची देवाणघेवाण बिघडलेली असते, दुखणं खरंच असतं, हे समजावणारे डॉक्टर फार उशिरा भेटले. त्यांनी पुदिन्याच्या तेलाच्या कॅप्सूल दिल्या. त्यातलं मेन्थॉल आतड्याच्या स्नायूंत कॅल्शियम शिरू देत नाही, त्यामुळे आवळलेला स्नायू सैल पडतो. अमेरिकन कॉलेज ऑफ गॅस्ट्रोएंटरोलॉजीच्या २०२१च्या मार्गदर्शक सूचनांतही पुदिन्याला जागा आहे, पुरावा भक्कम नाही असं नोंदवूनच.

पण ही कॅप्सूल जठरात नव्हे, आतड्यात विरघळावी म्हणून तिला खास आवरण असतं. मला ते माहीत नव्हतं. गिळवेना म्हणून पहिलीच कॅप्सूल चावली. घशापासून छातीपर्यंत गार आणि आग एकदमच झाली, रात्रभर आंबट ढेकर. आपल्या लेखात 'पुदिन्याचे तेल घ्यावे' एवढंच छापलं आहे. इसबगोलाचंही तसंच. एकदा ते पाण्यात घालून फोन घ्यायला गेले, परत येऊन बघते तर ग्लासात चमचा उभा राहील असा गोळा. भरपूर पाण्याबरोबर लगेच प्यायलं नाही तर हाच गोळा घशात अडकू शकतो. इतर औषधं आणि इसबगोल यांत अंतरही ठेवावं लागतं. नीट घेतलं तर मला ते मानवतं. कोंड्याने मात्र पोट आणखी फुगायचं.

आता भावाबद्दल. त्याच्या आतड्याला खरोखरची सूज आहे, व्रण आहेत. आतड्याची सूज आटोक्यात ठेवणाऱ्या मेसालामाइनच्या गोळ्यांवर तीन वर्षं तो ठीक होता. मग कुणीतरी हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल सुचवल्या. मीही म्हटलं, 'मला वनौषधींनी बरं वाटलं, तूही घेऊन बघ.' हे वाक्य मी विसरू शकत नाही. त्याने गोळ्या बंद केल्या. सहाव्या आठवड्यात शौचातून रक्त, रात्री चार-पाचदा उठणं, वजन सात किलोने उतरलेलं. शौचाच्या तपासणीत कॅल्प्रोटेक्टिन (आतड्याला सूज असली की वाढणारं प्रथिन) साधारण ५०च्या आत असायला हवं, त्याचं १,४०० निघालं. शेवटी स्टेरॉइड द्यावी लागली.

हळदीत दम नाही असं माझं म्हणणं नाही. २००६ साली जपानमध्ये कोलायटिसच्या ८९ रुग्णांवर झालेल्या चाचणीत हळदीतलं कर्क्युमिन घेणाऱ्यांचा आजार कमी वेळा उलटला. पण ते नेहमीच्या औषधांच्या जोडीला दिलं होतं, त्यांच्याऐवजी नव्हे. हा 'जोडीला' शब्द आपल्या लेखात कुठेही नाही. आणि वनस्पतीचं म्हणजे निर्धोक, असंही नाही. कोलायटिसवर गुणकारी ठरलेल्या 'चिंग दाई' या निळीच्या वनस्पतींपासून बनणाऱ्या औषधामुळे काही रुग्णांच्या फुप्फुसांतल्या धमन्यांचा रक्तदाब वाढला. २०१६ साली जपानच्या आरोग्य मंत्रालयाला त्याबद्दल इशारा द्यावा लागला.

लेखाखाली 'मला गुण आला' असे तीन वाचकांचे अनुभव आहेत. ते खरे असतील. पण आयबीएसच्या चाचण्यांत औषध नसलेल्या गोळीनेही दहातल्या जवळजवळ चार जणांना आराम पडतो. मला पुदिन्याने बरं वाटलं, तेही यातच धरा. माझ्यावरून भावाला सल्ला द्यायला ते पुरेसं नव्हतंच.

पुढच्या पुरवणीत, त्याच जागी आणि तेवढ्याच ठळक अक्षरांत, एवढं छापावं: शौचातून रक्त, विनाकारण घटणारं वजन, ताप, झोपेतून उठवणारे जुलाब, रक्तक्षय, किंवा पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली तक्रार, यांपैकी काहीही असेल तर कोणतीही वनौषधी सुरू करण्याआधी तपासणी करून घ्यावी. चालू गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत. भाऊही आपलाच वाचक आहे. ती पुरवणी त्याने घडी घालून ठेवली होती.

आपली,
एक वाचक