दावण्याचा लष्करी वापर?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कालचा अग्रलेख वाचला. विज्ञानाला सीमा नसतात, युद्धाचा राग प्रयोगशाळेवर काढू नये, इस्रायलचा युरोपियन संशोधन निधी अडवणं म्हणजे निव्वळ राजकारण वगैरे वगैरे. भाषा नेहमीप्रमाणे गुळगुळीत. पण साहेब, हाच युरोप रशियाशी कसा वागला ते तुमच्या लेखात एका ओळीतही का नाही? २४ फेब्रुवारी २०२२ ला रशिया युक्रेनमध्ये घुसला आणि आठ-दहा दिवसांत युरोपियन कमिशनने रशियन संस्थांचे संशोधनाचे पैसे थांबवले. पुढे सर्न या जिनिव्हाजवळच्या अणुसंशोधन संस्थेनेही रशियाबरोबरचा करार ३० नोव्हेंबर २०२४ ला संपू दिला, शेकडो रशियन संशोधकांचं तिथलं काम बंद झालं, त्यातल्या कितीतरी जणांचा युद्धाशी काडीचाही संबंध नसणार. तेव्हा तुम्हाला सीमा-बिमा आठवल्या नाहीत. मी रोज अंक वाचतो, तेव्हा असा अग्रलेख आला असता तर दिसला असता.

आणि गाझाच्या बाबतीत? तिथल्या इस्रा विद्यापीठाची इमारत इस्रायली सैन्याने सुरुंग लावून उडवल्याचा व्हिडिओ जानेवारी २०२४ मध्ये सगळ्या जगाने बघितला. युरोपियन युनियन आणि इस्रायल यांच्यातल्या करारातल्या दुसऱ्याच कलमात मानवी हक्क पाळायची अट आहे, ती मोडल्याच्या खुणा दिसतात असं युरोपच्याच लोकांनी जून २०२५ मध्ये लिहून दिलं. मग जुलैत कमिशनचा प्रस्ताव काय, तर ९३.५ अब्ज युरोच्या होरायझन युरोप या संशोधन निधी योजनेतला फक्त स्टार्टअपवाला एक तुकडा इस्रायलसाठी थांबवायचा, ड्रोन, सायबर, एआय असले धंदे. विद्यापीठातल्या संशोधकांना हातच लावायचा नव्हता. तरी तेवढ्यालाही मतं जमेनात, जर्मनी आणि इटली तयार होईनात. याला तुम्ही घाईघाईची कारवाई म्हणता!

लगेच मला इस्रायलविरोधी ठरवू नका. आमच्या भागातल्या बागा ठिबकवर उभ्या आहेत, ते तंत्र कुठून आलं हे आम्हाला कुणी शिकवायला नको, आणि दापोलीला आंब्याचं, राहुरीला डाळिंबाचं केंद्र त्यांच्याच मदतीने झालंय हेही माहीत आहे. चांगलं ते चांगलंच.

पण मला राग आलाय तो अग्रलेखातल्या एका वाक्याचा, की निधी देताना नैतिकतेची चाळणी लावली तर संशोधन ठप्प होईल. अहो, चाळणी लागतेच! फक्त ती कुणाला लागते ते विचारा. काही वर्षांपूर्वी द्राक्षावरच्या दावण्या रोगाचं एक काम परदेशी विद्यापीठाबरोबर आलं होतं, पैसा युरोपचा, इथली जुळवाजुळव माझ्याकडे. शेतकऱ्याला विचारायचं एवढंच, की दावण्याला काय मारलं आणि किती दिवसांनी मारलं. त्यासाठी प्रत्येकाकडून सात-आठ पानी संमतिपत्र भरून घ्यायचं. ऐन ऑक्टोबर छाटणीनंतरची धांदल, कोवळ्या पानावर पाऊस पडलेला, माणूस फवारणीच्या ब्लोअरवरून उतरायला तयार नाही, आणि मी बांधावर उभा राहून वाचून दाखवतोय की तुम्हाला तुमची माहिती केव्हाही मागे घेण्याचा अधिकार आहे. सावळजकडचे एक बागायतदार म्हणाले, मास्तर, सातबाऱ्यावर काय चढवणार नाही ना? मग त्यांनी जावयाला बोलावलं, जावयाने सगळी पानं उलटीपालटी करून बघितली, चहा झाला, तेव्हा कुठे सही मिळाली. ते कागद परत आले, कारण साक्षीदाराच्या सहीखाली तारीख नव्हती. पुन्हा सगळ्यांचे बांध तुडवले. तोवर द्राक्षं निम्मी व्यापाऱ्याकडे गेलेली.

आणि एका पानावर प्रश्न, या संशोधनाचा लष्करी वापर होऊ शकतो का? आम्ही 'नाही' वर खूण केली तर उलट टपाली खुलासा मागितला. दावण्याचा लष्करी वापर कसा होत नाही यावर मी अर्धं पान लिहून दिलंय साहेब, तुम्ही हसाल पण खरं आहे.

माझी तेव्हाही तक्रार नव्हती. गरीब माणसाला न विचारता त्याची माहिती उचलू नये, ही पद्धत बरोबरच आहे, आपल्याकडेही यायला हवी. पण बोर्डो मिश्रणाच्या फवारणीचा हिशोब विचारायला एवढं सोवळं-ओवळं, आणि ड्रोन बनवणाऱ्या कंपनीला पैसे देताना तिचा माल उद्या कुणाच्या घरावर फिरणार हे विचारलं की ते राजकारण? कुणाही एका प्राध्यापकाला त्याच्या सरकारच्या पापाची शिक्षा नको, हे तुमचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य, मग ते रशियनांसाठीही म्हणा की. आणि गाझातले जे प्राध्यापक विद्यापीठासकट गेले त्यांच्यासाठी निदान एक ओळ.

जाता जाता, कृष्णेतल्या मेलेल्या माशांवरचं माझं मागचं पत्र छापलंत, आभारी आहे, पण घाण पाणी नेमकं कुठल्या नाल्यातून येतं ते ज्या परिच्छेदात लिहिलं होतं तोच कापलात. जागा कमी होती म्हणे. त्याच पानावर साड्यांच्या सेलची पाऊण पान जाहिरात होती. या वेळी कापायचंच असेल तर ठिबकवाला परिच्छेद कापा, बाकीचं राहू द्या.

आपला,
एक निवृत्त मास्तर
विश्रामबाग, सांगली