बाबा, त्या प्रश्नाचं उत्तर

सिएटल

तीर्थरूप बाबांस,
सा. न. वि. वि.

मागच्या रविवारी फोनवर तुम्ही सांगितलंत की आई स्वप्नात आली होती, काही बोलली नाही, नुसती पदराला हात पुसत दारात उभी होती. भेटायला येणारे सगळे म्हणतात, आता मन दुसरीकडे वळवा. "तुला काय वाटतं गं?" असं तुम्ही विचारलंत आणि मी बीपीच्या गोळ्यांचा विषय काढला. ते आठवडाभर सलतंय. तोंडाने बोलायला जमत नाही, म्हणून लिहितेय.

इथल्या लायब्ररीतून 'अ‍ॅस्ट्रो सिटी' नावाच्या कॉमिकचे खंड आणलेत. कर्ट ब्युसिक यांचं लेखन, ब्रेंट अँडरसन यांची चित्रं. १९९५ साली सुरू झालं. आहे सुपरहिरोंचंच, पण मारामारी बहुतेक वेळा कडेला चाललेली असते आणि गोष्ट असते ती खाली रस्त्यावर मान वर करून बघणाऱ्या माणसांची. एक मुलगी रोज आपली जुनी वस्ती सोडून शहराच्या मध्यभागी ऑफिसला जाते. तिच्या वस्तीत भुताखेतांपासून बचाव करायच्या आज्यांच्या रीती अजून पाळतात. आपण नेमके कुठले, हे तिला ठरवायचं असतं. परदेशी येऊन राहिल्यावर ही गोष्ट किती जवळची वाटते, ते तुम्हाला सांगायला नकोच.

सगळ्यांत बलवान हिरो सॅमॅरिटन. पहिल्याच अंकात तो दिवसभर एका संकटाकडून दुसऱ्याकडे धावतो आणि हवेत घालवलेले सेकंद मोजतो. अख्ख्या दिवसात भरतात छप्पन्न. मनासारखं, सावकाश उडणं त्याला फक्त स्वप्नात मिळतं. ते वाचताना मला आईच आठवली, सगळ्यांची पानं वाढून झाल्यावर बसणारी.

पण तुम्हाला सांगायची आहे ती गोष्ट वेगळी. छोटीशीच आहे, १९९६ची. मायकेल नावाच्या एका साध्या माणसाला रोज एका बाईची स्वप्नं पडतात. तिच्या बारीकसारीक लकबी त्याला माहीत आहेत, पण ती आहे कोण हे माहीत नाही. ओळखीच्या सगळ्यांना विचारून झालं, कुणालाच ती ठाऊक नाही. झोप उडते, माणूस खचत जातो. मग एका रात्री गळ्यात फास असलेला, तोंड झाकलेला एक गूढ हिरो येतो आणि उलगडा करतो. काळाशी खेळणाऱ्या एका खलनायकाशी सगळे हिरो लढले, विस्कटलेला इतिहास त्यांनी पुन्हा जोडला, जग वाचलं. फक्त जोडताना कुठेतरी एक धागा निसटला. तिच्या आजी-आजोबांची गाठच पडली नाही. म्हणजे ती जन्मलीच नाही. ती मायकेलची बायको होती, मिरांडा.

बाबा, इतक्या मोठ्या युद्धाला लेखकाने जेमतेम पान-दोन पानं दिली आहेत. बाकी सगळी जागा त्या एकट्या माणसाच्या अंथरुणाला आणि उशीला. मला हे फार मोलाचं वाटलं.

तो हिरो म्हणतो, ती परत येणार नाही, पण हवं तर तुला तिचा विसर पाडतो. मायकेल नको म्हणतो. आणि विचारतो, माझ्यासारखे बाकीचे काय निवडतात? उत्तर मिळतं की विसरणं कुणीच मागत नाही. एकही जण नाही.

मी पुस्तक मिटून बराच वेळ तशीच बसून होते.

तर तुम्ही विचारलंत त्याचं माझं उत्तर असं, की मन वळवू नका. आई येतेय तर येऊ द्या. पुन्हा दिसली की मला लगेच फोन करा, इथे रात्रीचे किती वाजलेत ते बघू नका. आणि या वेळी तिने साडी कुठली नेसली होती, तेही नीट आठवून सांगा.

तुमची
धाकटी