मॉडिफाय केलेल्या गाडीला घाईने किक मारू नका

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागे तुमच्या पुरवणीत जुन्या मोटरसायकलींवर एक लेख आला होता, त्यात कित्येक वर्षं पडून असलेली गाडी घरच्या घरी कशी चालू करायची ते सांगितलं होतं. लिहिणाऱ्याचं गाड्यांवर प्रेम आहे हे दिसतं, त्याबद्दल वाद नाही. पण नवी बॅटरी टाका, ताजं पेट्रोल भरा, स्पार्क प्लग घासा आणि मारा किक, एवढ्यावर विषय आटोपला, आणि मॉडिफाय केलेल्या गाडीबद्दल तर एकच ओळ, की आधी ती ओरिजिनल करून घ्या. दोन्ही गोष्टी पटल्या नाहीत म्हणून लिहितोय. पत्र लांबलंय, काटछाट करायची तर करा, फक्त पेट्रोलच्या टाकीचा भाग तेवढा कापू नका.

स्टॉक, म्हणजे कारखान्यातून आली तशीच असलेली गाडी पडून राहिली तर निदान मॅन्युअल तरी सोबतीला असतं. ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटचा गॅप किती, ठिणगीचं टायमिंग कुठे, कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल सोडणारा मेन जेट कितीचा, सगळं छापलेलं. मॉडिफाय केलेल्या गाडीत ते पुस्तक अर्धं खोटं ठरतं, कारण मधल्या कुठल्यातरी मालकाने किंवा त्याच्या मिस्त्रीने व्हॉल्व्ह उघडणारा कॅम बदललेला असतो, पिस्टन जास्त कॉम्प्रेशनचे टाकलेले असतात, एका कार्ब्युरेटरच्या जागी दोन चढवलेले असतात आणि ह्यातलं काहीच कुणी लिहून ठेवलेलं नसतं. तो माणूस सापडत नाही, सापडला तरी त्याला आठवत नाही. म्हणून अशा गाडीला पाना लावायच्या आधी वही घेऊन बसावं. इंजिनवर ठोकलेली अक्षरं आणि नंबर, चॅसीचा नंबर, ते एकमेकांशी जुळतात का, जेटवर कोरलेले आकडे, स्प्रॉकेटचे दात, कुठली वायर कुठून निघून कुठे गेलीय, सगळं लिहायचं आणि सगळ्याचे फोटो काढायचे. प्लगच्या भोकातून छोटा कॅमेरा आत सोडला तर कधीकधी पिस्टनच्या डोक्यावर ०२० किंवा ०४० असं ठोकलेलं दिसतं. तो इंचाच्या हजाराव्या भागात मोजलेला ओव्हरसाइज, मूळ मापापेक्षा पिस्टन किती मोठा ते, म्हणजे ०४० असेल तर साधारण १ मिलिमीटर, आणि तिथेच कळतं की सिलिंडर आधीच बोअर करून (कोरून मोठा करून) झालेला आहे आणि पुढे फारसा वाव उरलेला नाही. कंटाळवाणं काम आहे, मान्य. पण हे न करता पुढे गेलात तर नंतरचं सगळं अंदाजपंचे.

आता टाकी. साठ-सत्तरच्या दशकात कॅफे रेसर, म्हणजे रेसच्या गाडीसारख्या दिसणाऱ्या रस्त्यावरच्या गाड्या, बनवायची लाट होती तेव्हा कितीतरी गाड्यांवर फायबरग्लासच्या टाक्या चढल्या, हलक्या, लांबट, दिसायला झकास. त्या बनल्या त्या काळच्या पेट्रोलसाठी. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये बऱ्याच देशांत १० टक्के आणि काही ठिकाणी त्याहून जास्त इथेनॉल असतं, आणि ते फायबरग्लास बांधून ठेवणाऱ्या जुन्या पॉलिस्टर रेझिनला हळूहळू मऊ करतं. टाकी फुगते, रंगाला फोड येतात, हे निदान डोळ्यांना दिसतं तरी. न दिसणारी भानगड अशी की विरघळलेलं रेझिन पेट्रोलबरोबर कार्ब्युरेटरमधून पुढे जातं आणि इनलेट व्हॉल्व्हच्या दांड्यावर चिकट थर धरतं, इंजिन गरम आहे तोवर चालतं, थंड झालं की तो व्हॉल्व्ह गाइडमध्ये, म्हणजे तो ज्या नळीत सरकतो तिथे, अडकून बसतो आणि दुसऱ्या दिवशी किक मारली की त्याला ढकलणारी पुशरॉड वाकते. मग हेड उतरवलं जातं, गाइड बदलले जातात, टाकीवर कुणाचा संशयच जात नाही आणि थोड्या दिवसांनी परत तेच. इथेनॉल नसलेलं पेट्रोल मिळत असेल तर ठीक, नाहीतर त्याच आकाराची ॲल्युमिनियमची टाकी करून घ्यावी आणि फायबरची सांभाळून ठेवावी. आतून सीलर, म्हणजे गळती आणि गंज रोखणारा लेप, लावलेला असेल तर तोही कुठल्या जातीचा ते बघावं लागतं, जुने बरेच सीलर इथेनॉलने सुटतात आणि पापुद्रे होऊन कॉकच्या जाळीत येतात.

लोखंडी टाकी असेल तर प्रश्न गंजाचा. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बॅटरी चार्जर लावून गंज काढायची युक्ती चांगली आहे, फक्त त्यात स्टीलचा चमचा किंवा सळई अॅनोड म्हणून, म्हणजे चार्जरच्या प्लस टोकाला जोडून, लटकवू नका, स्टेनलेस स्टीलमधून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. साधं लोखंड वापरा, आणि तिथे हायड्रोजन सुटतो म्हणून उघड्यावर करा. टाकीला भोक असेल आणि वेल्डिंग करायचं असेल तर हे काम घरी करूच नका, वर्षानुवर्षं रिकाम्या टाकीतसुद्धा स्फोट होण्याइतकी पेट्रोलची वाफ राहते.

किक मारायची घाई का नको त्याचं कारण इंजिनच्या आत आहे. त्या काळच्या बहुतेक ब्रिटिश ट्विन, म्हणजे दोन सिलिंडरच्या, इंजिनांत दोन्ही पिस्टन एकदम वर येतात आणि एकदम खाली जातात, पण एक कॉम्प्रेशनवर असतो तेव्हा दुसरा एक्झॉस्टवर, म्हणजे गाडी जशी बंद पडली तशी राहिली तर एका सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा राहायची शक्यता असते. त्यातून दमट हवा आत जात राहते आणि एक बोअर स्वच्छ तर दुसऱ्यात पिस्टनच्या रिंगा भिंतीला गंजून चिकटलेल्या असतात. मॉडिफाय गाडीला उघडे पाइप आणि कार्ब्युरेटरला फिल्टरऐवजी नुसते बेलमाउथ, म्हणजे कर्ण्यासारखी उघडी तोंडं, असले तर हवेला मोकळं रानच. अशा इंजिनला जोरात किक मारली तर किकच्या गिअरचे दात जातात किंवा रिंग तुटते. त्यापेक्षा प्लग काढा, पातळ पेनिट्रेटिंग ऑइल आत सोडा आणि काही दिवस गाडीकडे बघू नका. मग टॉप गिअर टाकून मागचं चाक हळूहळू पुढेमागे हलवा. टॉप गिअर का, तर त्यात चाकाचा जोर क्रँकपर्यंत, म्हणजे पिस्टन हलवणाऱ्या दांड्यापर्यंत, सगळ्यात जास्त पोचतो. हललं तर हललं, नाही हललं तर हेड उतरवायचं, त्यात कमीपणा काही नाही.

हललं तरी लगेच चालू करायचं नाही. वेगळी ऑइल टाकी असलेल्या जुन्या गाड्यांत, नॉर्टन कमांडो तर ह्यासाठी बदनामच, उभ्या उभ्या टाकीतलं ऑइल पंपातून झिरपत खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनच्या खालच्या खोक्यात, उतरतं. टाकी रिकामी दिसली म्हणून वरून नवीन ऑइल ओतायचं आणि चालू करायचं, की खालचं सगळं ब्रीदरमधून (हवा सोडायच्या नळीतून) आणि सीलमधून बाहेर. आधी खालचा प्लग काढून ऑइल पूर्ण काढा, त्यात काय काय निघतं ते फडक्यावर ओतून बघा. पितळी चकाकी दिसली तर बुश गेलंय, चुंबकाला चिकटणारा चुरा दिसला तर गिअर किंवा बेअरिंग. जुन्या ट्रायम्फच्या क्रँकमध्ये तर एक नळी असते, फिरताना जड गाळ त्यात जमा व्हावा म्हणून. ती भरली की बिग एंडला, म्हणजे कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडतो तिथल्या बेअरिंगला, ऑइल मिळत नाही आणि ती साफ करायची तर क्रँक बाहेर काढावा लागतो. इंजिन ट्यून केलेलं असेल, कॉम्प्रेशन वाढवलेलं असेल तर बिग एंडवर भारही जास्त, त्यामुळे बाहेरून कितीही छान दिसू दे, ती नळी कधी साफ झाली होती हे माहीत नसेल तर इंजिन उघडावं असं माझं मत आहे. हे खर्चाचं काम आहे, पण रस्त्यात कनेक्टिंग रॉड क्रँककेस फोडून बाहेर आला तर मग काहीच वाचत नाही. सगळं ठीक वाटलं की खालचा प्लग परत लावायचा, टाकीत ऑइल भरायचं आणि स्पार्क प्लग काढून ठेवूनच इंजिन फिरवत राहायचं, परतीचं ऑइल टाकीत पडताना दिसेपर्यंत.

टू स्ट्रोकवाल्यांनी खूश व्हायचं कारण नाही. तिथे क्रँकचे सील वर्षानुवर्षांत कडक होतात, चालू केलं की तिथून हवा ओढली जाते, मिक्स्चर लीन होतं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी, आणि पिस्टन जाम. पोर्टिंग करून, म्हणजे सिलिंडरच्या वाटा घासून मोठ्या करून, वर एक्स्पान्शन चेंबर, म्हणजे ताकद वाढवणारा फुगीर पाइप, लावलेला असेल तर हे फारच लवकर होतं. सील स्वस्त असतात, आधी बदला.

लीनवरून आठवलं. एअरबॉक्स, म्हणजे फिल्टर असलेली हवेची पेटी, काढून कोनासारखे सुटे फिल्टर आणि मोकळा सायलेन्सर, हे मॉडिफिकेशन तुम्हाला सगळीकडे दिसेल, आणि त्यासोबत जेट बदललेले क्वचितच दिसतील. हवा जास्त, पेट्रोल तेवढंच, पिस्टनच्या डोक्याला भोक पडेपर्यंत कळत नाही. व्हॅक्यूमवर चालणारे कार्ब्युरेटर असले तर त्यांना एअरबॉक्समधली स्थिर हवा लागते, तो काढला की मधल्या आरपीएमला गाडी बहुतेकदा खोकते, आणि नुसते जेट बदलून ते सुटणं अवघड. असा बदल परत फिरवावा, ह्या बाबतीत मी लेखकाच्या बाजूने आहे.

वायरिंग. हा भाग बघून मला खरंच भीती वाटते. घरात वापरायची एका तारेची वायर, पिळ मारून वर टेप, फ्यूज नावाची गोष्टच नाही. एका तारेची वायर गाडीच्या कंपनाने आतल्या आत तुटते आणि वरचं आवरण शाबूत राहतं, त्यामुळे शोधता शोधता माणूस रडकुंडीला येतो. त्यात लेखातला नवी बॅटरी टाका हा सल्ला, तर त्या काळच्या बहुतेक ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचं प्लस टोक चॅसीला जोडलेलं असतं, आणि मधल्या मालकाने इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवताना ते उलटं केलंय की तसंच ठेवलंय हे बघितल्याशिवाय बॅटरी जोडली तर इग्निशनचा डबा क्षणात जातो. शिवाय गाडी ६ व्होल्टची की १२ची केलेली, हेही तपासावं लागतं. मी तर म्हणेन की असलं जुनं वायरिंग दुरुस्त करत बसू नये, पूर्ण काढून नवीन करावं, बॅटरीजवळच फ्यूज टाकावा आणि नकाशा काढून सीटखाली ठेवावा.

चॅसीबद्दल थोडक्यात पण महत्त्वाचं. चॉपर, म्हणजे पुढचा भाग लांबवलेली गाडी, करताना हँडलची मान कापून कोन वाढवून परत वेल्ड केलेली असते, कॅफे रेसर करताना चॅसीचा सीटखालचा मागचा लूप कापलेला असतो, आणि रंगाखाली ते वेल्डिंग कसं आहे हे कुणालाच दिसत नाही. तिथला रंग खरवडून लाल डाय लावायची तपासणी करून घ्या, डाय पुसून पांढरा डेव्हलपर मारला की तडा असेल तिथे लाल रेघ उमटते. क्रोम केलेले ॲक्सल आणि बोल्ट असतील तर ते बदला. क्रोमिंग करताना स्टीलमध्ये हायड्रोजन शिरतो आणि प्लेटिंगनंतर भट्टीत तापवून तो काढला नसेल तर कडक स्टील ठिसूळ होऊन न सांगता तुटतं. टायरला नक्षी कितीही असू दे, बाजूवर तारखेचा कोड असतो तो वाचा, २००० सालापासून त्यात चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन साल. तीनच आकडे दिसले तर तो टायर गेल्या शतकातला आहे, काढून टाका. ब्रेकच्या ड्रमात हवा मारून धूळ उडवू नका, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, ओल्या फडक्याने पुसा.

आता ते ओरिजिनलचं. सगळं परत कारखान्यातून आल्यासारखं करा, तरच गाडीला मान, हे मला कळत नाही. ट्रायटनचंच बघा. ब्रिटिश कंपनी नॉर्टनने १९५० मध्ये आपल्या रेसिंग गाड्यांना रेक्स मॅककँडलेसने आखलेली फेदरबेड नावाची चॅसी दिली. तेव्हा ५०० सीसीच्या छोट्या रेसिंग कारवाल्यांना नॉर्टनच्या मॅन्क्स ह्या रेसिंग मोटरसायकलचं इंजिन हवं असायचं, कंपनी ते सुटं देत नव्हती, मग ते अख्खी मोटरसायकल घ्यायचे आणि इंजिन काढून घ्यायचे. उरलेल्या चॅसीत लोकांनी ट्रायम्फचं इंजिन बसवलं, झाली ट्रायटन. १९६५ मध्ये रेसर डेव्ह डेगन्सने जोडीदारासोबत बार्सिलोनाची २४ तासांची रेस अशाच गाडीवर जिंकली. ही गाडी ओरिजिनल करायची म्हटलं तर कुणाची करणार, नॉर्टनची की ट्रायम्फची? सगळ्या मॉडिफाय गाड्या ट्रायटनच्या तोलाच्या नसतात, निम्म्याहून जास्त तर नुसता हौसेचा पसारा असतो हेही खरं, पण एखाद्याने हाताने वळवलेले फूटरेस्ट, घरी ओतून घेतलेली इंजिन प्लेट, ह्या गोष्टीही त्या गाडीच्या आयुष्यातल्याच आहेत ना. माझा हिशोब साधा आहे, ज्या बदलामुळे माणसाच्या किंवा इंजिनच्या जिवाला धोका आहे तो काढायचा, बाकीचा राहू द्यायचा, आणि जे काढलं ते चिठ्ठी लावून खोक्यात ठेवायचं, पुढच्या मालकाला देता येईल असं.

तुमच्याकडे एकच मागणं आहे. त्या लेखासोबतच्या फोटोखाली नुसतं 'विंटेज मोटरसायकल' एवढंच होतं. पुढच्या वेळी असा फोटो छापाल तेव्हा चॅसी कुणाची, इंजिन कुणाचं, काय काय बदललंय आणि टाकी कशाची आहे हे मालकाला विचारून खाली दोन ओळी टाका. त्याला सांगता आलं नाही तर तसंही छापा.

आपला,
एक वाचक