गाडीतल्या टेपबद्दल

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, मुद्द्याचं आधी सांगते. गाडीतला जुना टेप काढून नवा सेट बसवायचं मी ठरवलंय आणि सेट घेतलाही आहे. फोनवर सांगितलं असतं तर "कशाला उगाच" म्हणून तुम्ही फोन आईच्या हातात दिला असता. म्हणून हे पत्र.

दुरुस्तीचे प्रयत्न केले नाहीत असं मात्र समजू नका. दादाने टेप काढून पाठवला, तो मी एका जाणत्या कारागिराकडून उघडवून घेतला, शेजारी बसून. आतला रबरी पट्टा डांबरासारखा वितळून चाकाला चिकटला होता. पट्टा नवा घालता येतो. पण फीत ओढणारा रबरी रोलर कडक झालाय, म्हणून तर कॅसेट आत गुंडाळली जात होती. फितीवरचा आवाज वाचणारं हेड झिजल्यामुळे आवाज दबलेला येतो, आतले वीज साठवणारे कॅपॅसिटर सुकलेत म्हणून ती घरघर. आणि कॅसेट बाहेर ढकलणाऱ्या गिअरचे दातच तुटलेत. तो आता नवा मिळत नाही, तसल्याच दुसऱ्या बंद पडलेल्या टेपमधून काढावा लागतो. एवढं करून वर्षभरात दुसरं काहीतरी जाणारच, आणि तुम्ही गाडी चालवता चालवता अडकलेली कॅसेट ओढत बसणार. मला खरी काळजी त्याचीच आहे, बाबा. टेपची नाही.

अजून एक. सकाळी गाडी सुरू होत नाही म्हणून तुम्ही बॅटरीला दोष देत होतात ना? टेप काढताना दादाला दिसलं, मागची पिवळी आणि लाल वायर कोणीतरी एकत्र पिळून ठेवली आहे. पिवळीतून कायम वीज येते, घड्याळ आणि स्टेशनं लक्षात राहावीत म्हणून. लालमध्ये चावी फिरवल्यावरच यायला हवी. दोन्ही एकच झाल्यामुळे चावी काढली तरी टेप चालूच राहायचा, हाताने बंद करायला विसरलं की रात्रभर बॅटरी खायचा. तेव्हा वायरिंग तर तसंही नीट करावंच लागणार होतं.

नवा सेट जुन्याच खाचेत बसतो, समोरून १८० बाय ५० मिलिमीटर, तंतोतंत तेवढाच. डॅशबोर्डला कुठेही कापाकापी नाही. टचस्क्रीनवाला मुद्दामच घेतला नाही. आवाजाला मोठं गोल बटण आहे, न बघता हाताला लागेल असं. बाबा, तुमचा उजवा कान चांगला आहे, म्हणून बॅलन्स थोडा उजवीकडे ठेवायला दादाला सांगितलंय. तुम्हाला नीट ऐकू येईल आणि आई, तुला कानात पदर कोंबून बसावं लागणार नाही. मागच्या स्पीकरच्या कडेचा फोम कुजलाय, तेही बदलतोय, जुन्यासारखेच ४ ओहमचे.

आता कॅसेटचं. एकही टाकायची नाही. मागच्या सीटवर तुझ्या मांडीवर डोकं ठेवून मी झोपायचे आणि बाबा कॅसेट उलटायला गाडी बाजूला घ्यायचे, तेवढ्यानेही मला जाग यायची. त्या सगळ्या मी पेनड्राइव्हवर उतरवून देणार आहे. ६० मिनिटांच्या कॅसेटला पूर्ण एक तास लागतो, घाई करता येत नाही, त्यामुळे थोडा धीर धरा. आजीच्या आवाजाची आधी करते. आई, तिच्या वरच्या कडेला दोन छोट्या प्लास्टिकच्या पट्ट्या असतील, त्या तोडून टाक. म्हणजे चुकून तिच्यावर दुसरं काही रेकॉर्ड होणार नाही. आणि ती कपाटावरच्या स्पीकरजवळ ठेवू नकोस, स्पीकरमध्ये चुंबक असतो.

जुना टेपही भंगारात जाणार नाही, बाबा. पुसून, कापडात गुंडाळून तुमच्याकडेच परत पाठवते. तुमच्या पहिल्या पगारवाढीचा आहे तो, मला ठाऊक आहे.

दादा रविवारी बसवायला येईल. त्याच्यासमोर उभे राहा आणि सांगा, गाडीची मूळ वायर कापायची नाही, सोबत दिलेला कपलर, म्हणजे वायरी जोडायचा तयार प्लगच लावायचा. आधी बॅटरीची काळी, म्हणजे ऋण वायर सोडायची. सेटच्या मागचा फ्यूज उडाला तर तेवढ्याच अँपिअरचा घालायचा, तार गुंडाळून काम भागवायचं नाही. हे तुम्हालाच सांगतेय, बाबा. फोन जोडायचा तो गाडी उभी असताना. चालत्या गाडीत सेटला हात लावायचा तो फक्त आईने. आई, त्यांनी ऐकलं नाही तर मला लगेच कळव.

आणि डोळे तपासून घ्यायचे राहिलेत, तेही याच आठवड्यात उरकून घ्या.

तुमची,
धाकटी